डब्याखालून जाणारी वाफ

वाफेच्या इंजिनाचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. शिट्टी, धूर, चाकांना फिरवणारे दांडे, भट्टीचा लाल उजेड, सगळं बोलून होतं. पण त्याच इंजिनाच्या बॉयलरवरून एक नळी मागं निघते, टेंडरखालून, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्याखालून जाते, मग एकेका डब्याच्या पोटाखालून शेवटच्या डब्यापर्यंत पोचते आणि कडाक्याच्या थंडीत आत बसलेल्या माणसांना ऊब देते. तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आज मला तिच्याबद्दलच लिहायचं आहे. माझी सगळी नोकरी घटप्रभेच्या खोऱ्यातल्या एका साखर कारखान्यात, बॉयलर हाऊसमध्ये गेली. फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट काढलं आणि निवृत्त होईपर्यंत वाफेच्याच सोबतीत राहिलो. त्यामुळं इंजिन किती वेगानं पळालं यापेक्षा वाफ एका जागेवरून दुसऱ्या जागी कशी नेली आणि तिथं पोचल्यावर तिचं काय झालं, हे बघण्यात माझा जीव जास्त रमतो.

आपल्या भागात ही नळी कोणी पाहिलेली असण्याची शक्यता नाही. माझे आजोबा मीटरगेजच्या काळात फायरमन होते. लोंढ्याहून कॅसलरॉक आणि तिथून ब्रागांझा घाट उतरून दूधसागरकडं. पावसाळ्यात आणि जानेवारीच्या पहाटे कॅसलरॉकला किती गारठा असतो हे खानापूरकडच्या माणसाला सांगायला नको. पण तो गारठा घोंगडीनं, कानटोपीनं आणि स्टेशनावरच्या चहानं भागणारा. पाणी गोठवणारा नव्हे. त्यामुळं मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून ते नव्वदच्या दशकात रुंद रूळ येईपर्यंत आपल्या गाड्यांचे डबे गरम करायची वेळच आली नाही. आजोबांच्या तोंडून इंजिनाच्या गोष्टी खूप ऐकल्या, पण बॉयलरची वाफ प्रवाशांच्या बाकाखाली जाते हे त्यांनीही कधी पाहिलं नसणार.

थंड देशांत मात्र हा प्रश्न रेल्वेइतकाच जुना. सुरुवातीला इंग्लंडात पायाखाली ठेवायला गरम पाण्याचे चपटे पत्र्याचे डबे मिळायचे. पुढं लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेनं पाण्याऐवजी सोडियम ॲसिटेट भरलेले डबे आणले. हे रसायन गरम करून पातळ केलं की सावकाश निवतं, आणि निवल्यावर डबा जोरात हलवला की आत खडे धरायला लागतात व साठलेली उष्णता पुन्हा बाहेर पडते. आज खेळाडू खिशात ठेवतात त्या हीट पॅडमागं हेच तत्त्व आहे. अमेरिकेत लांबच्या गाड्यांना असल्या डब्यांनी काय होणार? तिथं प्रत्येक डब्यात चक्क लाकडाची नाहीतर कोळशाची शेगडी पेटवलेली असायची. लाकडी डबे, रॉकेलचे दिवे आणि पेटती शेगडी. २९ डिसेंबर १८७६ च्या रात्री ओहायोतल्या ॲश्टाब्युलाला भर बर्फात पूल कोसळला, गाडी खाली दरीत गेली आणि शेगड्या-दिव्यांनी डब्यांना आग लागली. सुमारे ९२ माणसं गेली. पडून वाचलेलीसुद्धा जळाली, ही त्यातली सगळ्यात क्रूर बाब. असे आणखी अपघात झाल्यावर डब्यातली शेगडी काढा ही मागणी जोर धरत गेली, आणि १८८० नंतर इंजिनातलीच वाफ मागं न्यायची पद्धत रुजायला लागली. विस्तव एकाच जागी, इंजिनात, आणि डब्यांत फक्त त्याची ऊब. मला हा रेल्वेच्या इतिहासातला फार मोठा निर्णय वाटतो.

आता ती जाते कशी ते सांगतो.

इंग्लंडातल्या शेवटच्या पिढीच्या बऱ्याच इंजिनांचा बॉयलर चौरस इंचाला २२५ पौंड दाबावर चालायचा, म्हणजे आपल्या भाषेत सुमारे १६ किलो प्रेशर. एवढ्या दाबाची वाफ डब्यांत सोडता येत नाही. म्हणून ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एक रिड्यूसिंग व्हॉल्व्ह असतो, त्याला वेगळा गेज असतो, आणि ती वाफ चाळीस-पन्नास पौंडांपर्यंत, म्हणजे तीन-साडेतीन किलोवर आणून मागं सोडतात. सिलिंडरला जाणारी वाफ सुपरहीट केलेली, म्हणजे आणखी तापवून कोरडी केलेली असते, पण डब्यांसाठी घेतात ती साधी, सॅच्युरेटेड, म्हणजे पाण्यावरून निघाली तशीच. कारखान्यातल्या माणसाला यामागचं कारण लगेच कळेल. टर्बाइनला कोरडी, तापलेली वाफ लागते, पण रस गरम करायला आणि साखर शिजवायच्या पॅनला तीच वाफ दिली तर ती आधी नुसती थंड होण्यात वेळ घालवते. म्हणून आम्ही पीआरडीएस नावाच्या यंत्रात प्रेशरही उतरवायचो आणि पाणी मारून तापमानही. उष्णता द्यायची असेल तर वाफ निवायच्या बेतात आलेली असावी लागते.

कारण खरी ऊब वाफ गरम असण्यात नाही, तिचं पाणी होण्यात आहे. शंभर अंशांची एक किलो वाफ शंभर अंशांचंच पाणी झाली की सुमारे ५४० किलोकॅलरी देऊन जाते. तेच पाणी पुढं शंभरावरून वीस अंशांपर्यंत निवलं तर देतं फक्त ८०. पावणेसात पटीचा फरक! म्हणून बारीक नळीतून जाणारी थोडीशी वाफसुद्धा अख्खा डबा उबदार ठेवू शकते. डब्याखालची मुख्य लाइन असते दोन इंचांच्या आसपास. दोन डब्यांच्या मध्ये लवचीक नळी, म्हणजे होज. डब्याच्या दोन्ही टोकांना कॉक, म्हणजे वाफ सोडायची-बंद करायची तोटी. मुख्य लाइनवरून फाटा फुटून बाकांखालच्या किंवा भिंतीच्या कडेच्या हीटरमध्ये जातो.

अमेरिकेत यात एक सुंदर सुधारणा झाली, तिला व्हेपर सिस्टिम म्हणतात. मुख्य लाइनमध्ये दाब कितीही असो, डब्याच्या आतल्या कॉइलमध्ये वाफ जवळजवळ वातावरणाच्या दाबावरच ठेवायची. डब्याखाली एक रेग्युलेटर, त्यात तापल्यावर फुगणारा डायफ्रॅम. वाफ कॉइलमधून फिरून शेवटाला रेग्युलेटरपर्यंत आली की डायफ्रॅम फुगतो आणि आत येणारी वाफ बंद करतो. निवला की पुन्हा उघडतो. ना मोटर, ना वायर, ना कोणी माणूस. आत नळी फुटली तरी प्रवाशांच्या अंगावर दाबाची वाफ येत नाही. ज्यानं हे पहिल्यांदा जुळवलं त्याच्यापुढं मी हात जोडतो.

इतकं वाचून वाटेल की सोपं आहे. वाफ सोडली, ती गेली, डबे तापले. पण वाफेवर काम केलेला कोणीही सांगेल, वाफ नेणं सोपं असतं. अवघड असतं ते मागं राहिलेलं पाणी काढणं.

वाफेनं उष्णता दिली की तिचं पाणी झालंच. ते नळीच्या तळाला बसतं. नळीला उतार असेल तर वाहत जातं, नसेल तर जिथं पोक आला असेल तिथं साठतं. वरून वाफ वेगानं जात असते. साठलेलं पाणी वाढत गेलं की वाफ त्याचा गोळा उचलते आणि पुढच्या बेंडवर आपटते. त्याला आम्ही हॅमरिंग म्हणायचो. गाळप हंगामाच्या सुरुवातीला गार लाइन घाईनं चालू केली की हेडरमध्ये घणाचे घाव बसल्यासारखा आवाज येतो आणि पायाखालची जाळी हलते. एका हंगामात आमच्या शिफ्टच्या आधीच्या शिफ्टला कोणीतरी ड्रेन न उघडता व्हॉल्व्ह फिरवला, फ्लँजची गॅस्केट उडाली आणि एका हेल्परचा दंड भाजला. त्यानंतर आमच्या खात्यात नव्या पोराला पहिली गोष्ट शिकवली जायची ती ड्रेन कॉक. व्हॉल्व्ह नंतर.

कारखान्यात लाइन हलत नाही. एकदा उतार काढून दिला, ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारं यंत्र, योग्य जागी बसवला, की वर्षानुवर्षं चालतं. गाडीचं तसं नाही. गाडी चढावर असली तर पाणी मागं, उतारावर असली तर पुढं. दोन डब्यांमधला होज मध्ये झोळ घेऊन लोंबतो, म्हणजे पाणी साठायची जागा तुम्ही स्वतःच प्रत्येक जोडाला करून ठेवलेली. म्हणून त्या होजच्या सगळ्यात खालच्या बिंदूला एक छोटा ड्रिप व्हॉल्व्ह असतो. दाब असेपर्यंत बंद, दाब गेला की आपोआप उघडा. अमेरिकेत शेवटच्या डब्याचा टोकाचा कॉक मुद्दाम किंचित उघडा ठेवायचे, म्हणजे पाणी आणि थोडी वाफ सतत बाहेर पडत राहील आणि वाफ शेवटपर्यंत पोचल्याची खातरीही होईल. जुन्या फोटोंत हिवाळ्यातल्या गाडीच्या शेपटाला पांढरा ढग दिसतो तो हाच. पुष्कळ जण त्याला गळती समजतात. ती गळती नव्हे, ती शिस्त आहे.

आणि वाफ बंद केल्यावरचा धोका वेगळाच. एक किलो वाफ वातावरणाच्या दाबाला सुमारे १६७० लिटर जागा व्यापते, पाणी झाली की एक लिटर. बंद नळीत हे झालं की आत पोकळी होते, व्हॅक्यूम धरतो आणि पाणी बाहेर यायच्या ऐवजी आतच ओढून धरलं जातं. बाहेर शून्याखाली तापमान असेल तर ते पाणी गोठतं, गोठताना नऊ टक्के फुगतं आणि बिडाचं कास्टिंग सरळ उभं चिरतं. म्हणून अशा रेल्वेवर दिवसाच्या शेवटी गाडी शेडला लावली की ड्रेन उघडून लाइन पूर्ण मोकळी करणं हे काम गाडी चालवण्याइतकंच मोलाचं.

हे सगळं पुस्तकातून आणि व्हिडिओंतून माहीत होतं. प्रत्यक्ष बघितलं ते लेकीकडं गेल्यावर. ती लीड्सजवळ राहते. डिसेंबरात जावई म्हणाले, "बाबा, इथं वाफेची गाडी चालते, बघायला जाऊ या की." कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वे. १८६७ साली सुरू झालेली, १९६२ मध्ये बंद पडलेली आणि गावकऱ्यांनी, हौशी लोकांनी मिळून १९६८ मध्ये पुन्हा उभी केलेली पाचेक मैलांची लाइन. कीथलीहून इंग्रो, डॅमेम्स, ओकवर्थ, हावर्थ करत ऑक्सनहोपपर्यंत. चालवणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक.

बाहेर दवाचा बर्फ झालेला, फलाटावर मीठ टाकलेलं. कंपार्टमेंटचं दार उघडून आत गेलो तर जुन्या गादीचा तापल्यावर येतो तसा वास आणि पायाकडून वर येणारी ऊब. दाराच्या वर उष्णता कमी-जास्त करायचा छोटा दांडा. आमच्या हिनं शाल काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "न्हाणीघरात बंबाजवळ बसल्यासारखं वाटतंय की हो." मला त्यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं. पंख्यानं फेकलेली गरम हवा नाक कोरडं करते. ही ऊब तशी नव्हती. ती बाकातून, लाकडातून, अंगाला लागत होती.

ऑक्सनहोपला गाडी संपते. तिथं इंजिन सुटं होतं, बाजूच्या रुळावरून वळसा घालून गाडीच्या दुसऱ्या टोकाला येऊन लागतं. मी मुद्दाम उतरून बघायला उभा राहिलो, आणि मला जे बघायचं होतं ते तिथंच दिसलं. इंजिन सुटायच्या आधी वाफ बंद करायची. मग लाइनमधला दाब उतरू द्यायचा. होज हातानं ओढून काढण्याआधी तो खरंच रिकामा झालाय याची खातरी करायची, नाहीतर उकळतं पाणी तोंडावर. मग इंजिन गेलं. आता जो डबा पहिला होता तो शेवटचा झाला, शेवटचा होता तो पहिला. म्हणजे शेपटीचा कॉक बदलला, पाणी वाहायची दिशा बदलली. तेवढ्या मिनिटांत सगळ्या गाडीतली वाफ निवून पाणी होत होती आणि प्रत्येक होजखालून टिपटिप चालू होती. पलीकडून इंजिन लागलं, होज जोडला, वाफ हळूहळू सोडली. घाईनं नव्हे, हळूहळू. पहिल्यांदा नळीतलं गार पाणी भसाभस बाहेर आलं, मग पाणी-वाफ मिसळून, मग नुसती पांढरी वाफ, तेव्हा कॉक आवळला.

हे करणारे गृहस्थ माझ्याहून मोठे असतील. जाड कातडी हातमोजे, चेहरा थंडीनं लाल. जावयांनी त्यांना सांगितलं की हे भारतात साखर कारखान्याच्या बॉयलरवर होते. त्यांनी मला जवळ बोलावून ड्रिप व्हॉल्व्ह दाखवला आणि विचारलं, तुमच्याकडं कंडेन्सेटचं, म्हणजे वाफेच्या झालेल्या पाण्याचं, काय करता? मी सांगितलं, थेंब न थेंब परत बॉयलरला. आमच्याकडं ते सोनं, नव्वद अंशांचं स्वच्छ पाणी. ते म्हणाले, आम्ही ते रुळावर सोडतो. टेंडरमधलं पाणी हिवाळ्यात लवकर संपतं, कोळसाही जास्त लागतो, आणि पहिल्या गाडीच्या बऱ्याच आधी इंजिन लावून डबे तापवावे लागतात, त्यासाठी फायरमनला पहाटे यावं लागतं. त्यांच्या बोलण्यात कुरकुर नव्हती. मला ते ऐकून आमचा हंगामाचा पहिला आठवडा आठवला, जेव्हा सगळं गार असतं आणि तापवायलाच रात्र जाते.

मधल्या काळाचा इतिहास थोडक्यात सांगतो. डिझेल आणि विजेची इंजिनं आली तरी डबे वाफेचेच राहिले, म्हणून त्या इंजिनांत खास वाफ करायला वेगळा बॉयलर बसवला गेला. पेनसिल्वेनिया रेल्वेची १९३४ पासूनची प्रसिद्ध जीजी-१ ही विजेची इंजिनं. त्यांच्याही पोटात तेलावर चालणारा बॉयलर होता. हे बॉयलर कटकटीचे. १९७६–७७ च्या कडक हिवाळ्यात ॲमट्रॅक या अमेरिकेतल्या प्रवासी रेल्वे कंपनीच्या जुन्या डब्यांच्या वाफेच्या लाइनी गोठल्या आणि कित्येक गाड्या रद्द कराव्या लागल्या. तोवर इंजिनातून वीज घेणारे नवे डबे यायला लागले होतेच. इंग्लंडात मुख्य रेल्वेवर डबे तापवायची वाफ ऐंशीच्या दशकात संपली. आता आपल्याकडं काश्मीरला गेलेल्या वंदे भारतमध्येही पाण्याच्या टाक्या गोठू नयेत म्हणून हीटर आहेत ते विजेचेच, आणि रोजच्या वाहतुकीसाठी तेच योग्य आहे. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

माझं म्हणणं आहे ते जुनी गाडी जपणाऱ्या रेल्वेंबद्दल. पुष्कळ ठिकाणी आता बाकाखाली विजेचे हीटर लावतात आणि एका डब्यात जनरेटर बसवतात. कारणं खोटी नाहीत. इंग्लंडातल्या पन्नासच्या दशकातल्या अनेक डब्यांत निळ्या ॲस्बेस्टॉसचं आवरण होतं, ते परवानाधारक माणसांकडून काढून घेतल्याशिवाय नळीला हात लावता येत नाही. होज महाग. ट्रॅप आणि रेग्युलेटरचे सुटे भाग बनवणारे कमी. पन्नास-साठ वर्षं आतून पाणी खाल्लेली नळी बाहेरून रंगानं छान दिसते आणि हातोडी मारली की पापुद्रे सुटतात. पूर्ण लाइन सडली असेल, पैसे नसतील आणि प्रवाशांना थंडीत कुडकुडवायचं नसेल, तर वीज घ्यावी. माणूस आधी.

पण जिथं पुढं जिवंत बॉयलर पेटलेला आहे, डब्याखालची लाइन दुरुस्त होण्यासारखी आहे, आणि तरीही केवळ कटकट नको म्हणून ती कापून भंगारात टाकतात, तिथं मला फार वाईट वाटतं. कारण त्या नळीबरोबर ती नळी सांभाळणारी माणसंही जातात. इंजिन चालवायला शिकायला पोरं रांगेत उभी असतात. होजखालचा ड्रिप व्हॉल्व्ह साफ करायला शिकणारा क्वचित. आमच्याच कारखान्यात बघा, नवी कोजनरेशन, म्हणजे त्याच वाफेवर वीजही करणारी यंत्रणा आली, कंट्रोल रूममध्ये पडदे आले, चांगलंच झालं. पण कान लावून ट्रॅप वाफ सोडतोय की अडकलाय हे सांगणारी माणसं एकेक करून निवृत्त झाली, आणि आता ट्रॅप अडकला तरी पडद्यावर आकडा घसरेपर्यंत कळत नाही. स्क्रू ड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर आणि मूठ कानाला, एवढंच हत्यार होतं ते. आतला टिकटिक आवाज नीट असेल तर चालू. सलग सूं आवाज आला तर वाफ फुकट जातेय. काहीच आवाज नाही आणि हाताला गार, तर पाणी तुंबलंय. वर्थ व्हॅलीच्या त्या गृहस्थांनीही तसाच वाकून कान दिलेला मी बघितला.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पुष्कळ मुलं आता शिकायला, नोकरीला इंग्लंड-अमेरिकेत आहेत. त्यातली काही मेकॅनिकल झालेली, काहींचे वडील-काका आमच्यासारखे कारखान्यात वाफेवर होते. तुमच्या जवळपास अशी जुनी रेल्वे असेल तर तिथं स्वयंसेवक घेतात. उन्हाळ्यात जाऊ नका, तेव्हा होज काढून ठेवलेले असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. फूटप्लेटवर, म्हणजे इंजिनात ड्रायव्हरच्या जागी, चढायला मिळालं तर आनंदच आहे, पण आधी दोन डब्यांच्या मध्ये वाकून जो माणूस होज जोडत असेल त्याच्याजवळ उभे राहा आणि हातमोजे मागून घ्या. वाफ बंद झाल्यावर किती वेळ थांबायचं, पाण्याचा रंग आणि वाफेचा आवाज बघून कॉक कधी आवळायचा, हे त्याच्याकडून शिकून घ्या. कोणाला ट्रॅपबद्दल, उताराबद्दल काही विचारायचं असेल तर मला जरूर लिहा. फोटो पाठवा, होजचा खालचा भाग दिसेल असा काढा.